आसाचं कोटेशन

वाङ्मयाचे जे प्रकार शाळेत शिकवतात त्यांत कोटेशनचा समावेश नाही, हा अन्याय आहे. कथा, कादंबरी, नाटक यांवर मंडळी पीएच.डी. करतात, पण गॅरेजातल्या मिस्त्रीनं ग्रीसच्या बोटांनी लिहून दिलेल्या अर्ध्या कागदावर कोणी दोन ओळी खर्च केलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत. वास्तविक कादंबरीला जे जे लागतं ते सारं त्यात असतं. सुरुवात साधी असते, मधे गुंतागुंत वाढत जाते, शेवटी धक्का असतो. आणि वाचून झाल्यावर माणूस बराच वेळ गप्प बसतो. फरक एवढाच, की कादंबरी खोटी आहे हे ठाऊक असूनही आपण ती खरी धरून रडतो, आणि कोटेशन खरं असण्याची दाट शक्यता असूनही ते खोटं धरून चालतो.

मी बँकेत क्लार्क आहे. शिक्षण बी.कॉम., सेकंड क्लास. गेली बावीस वर्षं लोकांचे कागद वाचून पोट भरतो. सात-बाराचा उतारा, जामीनदाराचा पगारपत्रक, ऊसबिलाची पावती, मयताच्या वारसांचा अर्ज, असा कोणताही कागद समोर आला की त्यात कुठं पाणी मुरतंय ते मला तिसऱ्या ओळीला समजतं. पण त्या दिवशी मिस्त्रीनं हातात दिलेला कागद मी चार वेळा वाचला. प्रत्येक अक्षर लागलं. बेरीज तर तोंडी करून पाहिली, बरोबर होती. आणि तरीही त्या कागदावर विश्वास ठेवायचा की नाही, हे बेरजेत कुठं दिसत नव्हतं.

प्रकरण असं होतं. आमची गाडी म्हणजे २००९ सालची मारुती ८००. ही गाडी पहिल्यांदा १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत कारखान्यानं तिचं उत्पादन थांबवलं. म्हणजे तिचं माहेर बंद झालेलं आहे. आता काय व्हायचं ते सासरीच. २०२४ साली तिला पंधरा वर्षं पुरी झाली, तेव्हा आर.टी.ओ.त नेऊन तिचं पाच वर्षांचं नूतनीकरण करून आणलं. आमच्या भाषेत सांगायचं तर मुदत संपलेली ठेव पुन्हा ठेवली. फक्त या ठेवीवर व्याज आम्ही भरतो.

या गाडीला एक खोड लागली. सरळ रस्त्याला ती सज्जनासारखी चालायची. पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या चाकातून कट-कट-कट असा आवाज यायचा, कोणीतरी आत बसून सुपारी कातरत असल्यासारखा. कोडोलीसारख्या गावात राहायचं आणि वळायचं नाही, हे कसं शक्य आहे? वाठारहून वारणानगरमार्गे यावं तर ऊसाच्या हंगामात पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉलीवर दोन पुरुष उंच ऊस. तिथं गाडी बाजूला घ्यायची म्हणजे सुपारी कातरणं आलंच. सौभाग्यवतींनी पंधरा दिवस ऐकलं आणि शेवटी म्हणाल्या, "एकतर त्याला दाखवा, नाहीतर रेडिओ मोठा लावा."

आमचे मिस्त्री अर्धा तास गाडीखाली पडून होते. बाहेर आले, हात चिंध्यांना पुसले आणि वडीलधारी माणसं ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात म्हणाले, "साहेब, एक्सल गेल्यात."

"कुठं?" मी विचारलं.

"कुठं म्हंजे? हाईत तिथंच गेल्यात. दोन्ही."

मग त्यांनी मला जे समजावून सांगितलं ते इथं थोडक्यात देतो, कारण पुढची सगळी नीतीची चर्चा त्यावर उभी आहे. बैलगाडीला एक आस असतो. दोन चाकं त्याच्यावर फिरतात, आणि गाडी ओढायचं काम बैलांचं असल्यामुळं आसाला फार विचार करावा लागत नाही. मारुतीत बैल पुढं नसून पुढच्या चाकांतच शिरलेले आहेत. तीच चाकं वळतात आणि तीच ओढतात. तेव्हा इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा वळत्या चाकालाही अडखळू न देता फिरवता आला पाहिजे. त्यासाठी दांड्याच्या चाकाकडच्या टोकाला एक सांधा असतो. त्यात पोलादी गोळ्या असतात आणि त्या आपापल्या खाचांतून सरकतात. १९२०च्या दशकात रझेप्पा नावाच्या इंजिनिअरानं ही युक्ती काढली. या सांध्यात ग्रीस भरलेलं असतं आणि त्यावर रबराचा एक झगा असतो, हार्मोनियमच्या भात्यासारखा चुण्यांचा. मिस्त्री लोक त्याला बूट म्हणतात. हा बूट कधी फाटला ते कोणालाच समजत नाही. फाटला की चाकाच्या गरगरण्यानं ग्रीस बाहेर उडतं, धूळ आणि पाणी आत जातं, गोळ्या खाचा खातात, आणि मग वळणावर सुपारी सुरू होते.

"अन् असंच चालवली तर?" मी विचारलं.

"चालंल की. महिना चालंल, वरीसबी चालंल. एक दिवस तुटंल. इंजिन चालूच ऱ्हाईल, गाडी जाग्यावरनं हलणार न्हाई. चढाला असला तर गिअरात टाकूनबी थांबायची न्हाई. हँडब्रेकवर हात ठेवायचा अन् चांगभलं म्हणायचं."

हे त्यांनी सहज म्हटलं, पण मला ते लागलं. कारण आमच्या आईचा रविवार जोतिबाचा. दर महिन्यातून एखादा रविवार तरी गिरोलीच्या वाटेनं घाट चढून तिला डोंगरावर न्यावं लागतं, आणि घाटाला वळणांची टंचाई नाही.

मग त्यांनी तो कागद लिहिला. एक्सल जोडी, ७,६०० रुपये. ऑइल सील दोन, २४०. गिअर ऑइल, ७६०. मजुरी, १,२००. किरकोळ, १५०. एकूण, ९,९५०. दहा हजाराला पन्नास कमी. ते पन्नास रुपये मला किरकोळमधल्या दीडशेपेक्षा जास्त छळू लागले. दहा हजार म्हटलं असतं तर अंदाजे सांगितलं असं वाटलं असतं. ९,९५०मध्ये कोणीतरी बसून विचार केलेला दिसतो. आणि आपल्याबद्दल कोणी बसून विचार केला, की माणूस सावध होतो.

कोटेशन न घेता काम करून घेणारे लोक पूर्वी होते. त्यांतला सर्वांत मोठा गृहस्थ म्हणजे अयोध्येचा राजा दशरथ. कीर्तनकार सांगतात, की देवदानवांच्या युद्धात दशरथाच्या रथाचा आस निखळला आणि शेजारी बसलेल्या कैकेयीनं आसाच्या जागी आपला हात घातला. रथ चालला, लढाई जिंकली. एक्सलची तातडीची दुरुस्ती म्हणून आपल्या पुराणांतलं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण. आता व्यवहार असा, की दशरथानं तिथल्या तिथं विचारायला हवं होतं, "राणीसाहेब, याचे किती?" त्याऐवजी राजेसाहेबांनी खुशीत येऊन दोन वर दिले आणि रक्कम कोरी ठेवली. बँकेत आम्ही लोकांना ओरडून सांगतो, कोरा चेक सही करून देऊ नका. पण निदान आजच्या चेकला १ एप्रिल २०१२पासून तीनच महिन्यांचं आयुष्य आहे. त्यानंतर तो शिळा होतो. वर शिळा होत नाही. ती राणी थांबली, राम मोठा होईपर्यंत थांबली, आणि मग तिनं बिल सादर केलं: मजुरी, चौदा वर्षं वनवास, किरकोळ, भरताला राज्य. एका आसापायी एवढं रामायण झालं. तेव्हा कोटेशन मागणं हे कंजूसपणाचं लक्षण आहे असं जे आमच्या मेव्हण्यांचं मत आहे, ते त्यांनी पुन्हा तपासावं.

तर मी कोटेशन मागितलं हे शास्त्राला धरून झालं. प्रश्न पुढं आहे. हातात एक कोटेशन आल्यावर दुसरं मागावं का?

आमच्या बँकेचा नियम विचाराल तर मागावं. शाखेला साधं लाकडी स्टूल घ्यायचं तरी तीन कोटेशनं लागतात. तिन्ही जोडली, तुलनात्मक तक्ता केला, सह्या झाल्या, की स्टूल येतं. तोवर ज्याला बसायचं होतं तो निवृत्त झालेला असतो. या संस्कारात वाढलेला माणूस मी. तेव्हा त्याच आठवड्यात आणखी दोन ठिकाणी गाडी दाखवून आणली. दुसऱ्या गॅरेजात तरुण पोरगा होता. त्यानं गाडी गोल फिरवली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "काका, अख्खा एक्सल कशाला? बाहेरचे जॉइंट अन् बूट बदलू. साडेचार हजारात मोकळे." तिसरं गॅरेज कोल्हापुरातलं, काचेच्या दाराचं. तिथं गाडी आपल्यासमोर तपासत नाहीत. तिला आत नेतात आणि आपल्याला बाहेर बसवून गार पाणी देतात, तेव्हाच आपल्याला ऑपरेशनची कल्पना यावी. तासाभरानं संगणकानं छापलेला कागद आला. कंपनीचे दोन एक्सल, शिवाय अमुक रबरं, तमुक बुश, कर वगैरे धरून १७,३४६ रुपये.

साडेचार हजार, नऊ हजार नऊशे पन्नास, सतरा हजार तीनशे शेहेचाळीस. एकच गाडी, एकच आवाज. आमचे हेडकॅशियर म्हणाले, "तिघांतले दोन तरी चोर आहेत." हिशेबाच्या माणसाला असं वाटणं स्वाभाविक आहे. खातं तीन वेळा मांडून तीन शिलका आल्या तर दोन चूकच. पण मी ते तिन्ही कागद रात्री शेजारी शेजारी मांडले, आणि पाहता पाहता माझ्या ध्यानात आलं, की ही एका प्रश्नाची तीन उत्तरं नाहीत. प्रश्नच तीन आहेत. तरुण पोरगा सांगत होता, आवाज बंद करायला किती लागेल. काचेचं दार सांगत होतं, कंपनीच्या पुस्तकाप्रमाणं गाडी नवीन करायला किती लागेल. आणि आमचे मिस्त्री सांगत होते, याच कामासाठी पुन्हा माझ्याकडं यावं लागू नये म्हणून किती लागेल. कोणी खोटं बोलत नव्हतं. मला काय हवंय हे मीच कोणाला सांगितलं नव्हतं, मी फक्त "किती?" एवढंच विचारत फिरत होतो.

आमचं कॉमर्सही इथं मदतीला आलं नाही. बी.कॉम.ला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, की खर्च दोन जातींचे: महसुली आणि भांडवली. मालमत्ता आहे तशी चालती ठेवली तर महसुली, तिचं आयुष्य वाढवलं तर भांडवली. दोन्ही आस नवे टाकले तर गाडीचं आयुष्य वाढलं की ती आहे तशी राहिली? मिलिंद राजाला नागसेन भिक्षूनं विचारलं होतं, की रथ म्हणजे काय, आस का, चाक का, दांडी का? राजा प्रत्येकाला नाही म्हणाला. तो ग्रीक होता, शिवाय राजा होता, त्याला परवडलं. गाडी विकून चाळीस हजार येतील आणि दुरुस्ती दहा हजाराची, म्हणजे चौथा हिस्सा रथ आसातच आहे, हे मला नाही म्हणता येईना. घसारा घटत्या शिल्लकेनं काढला तर मालमत्ता दर वर्षी कमी होते पण शून्य कधीच होत नाही, हे मात्र त्या शास्त्रानं फार माणुसकीनं लिहून ठेवलंय. जुनी गाडी आणि निवृत्तीला आलेला क्लार्क, दोघांनाही त्यात आधार आहे.

आता संशयाकडं येतो. संशय घ्यायला पैसे पडत नाहीत अशी आपली समजूत असते. पण १९७० साली जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता, ही गोष्ट साभार परतीचा अनुभव असलेल्या सर्व लेखकांनी लिहून ठेवावी, कारण २००१ साली त्या कामाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. लेखाचा विषय जुन्या गाड्यांचा बाजार. अमेरिकेत फसव्या गाडीला लिंबू म्हणतात. आपण गाडी फसवी निघू नये म्हणून पुढं लिंबू बांधतो. त्यांच्याकडं गाडीच लिंबू. तर अकेरलॉफ म्हणतात, विकणाऱ्याला गाडीची खरी स्थिती माहीत असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा सगळ्यांवरच संशय घेतो आणि लिंबू धरूनच भाव सांगतो. त्या भावात चांगली गाडीवाला विकत नाही, घरी जातो. उरतात लिंबं. मग घेणारा आणखी भाव पाडतो. असं करत करत बाजारच मोडतो. त्याच लेखात हिंदुस्थानातल्या सावकारीचाही उल्लेख आहे, तो आमच्या धंद्यातला असल्यामुळं मी सोडून देतो.

हा हिशेब मी मिस्त्रींना लावून पाहिला आणि जरा घाबरलो. मी प्रत्येक मिस्त्रीला चोर धरून वागलो, तर प्रामाणिक मिस्त्रीला माझ्याकडून मिळणारा भाव चोराचाच. तो किती दिवस प्रामाणिक राहील? एकतर शिकेल, नाहीतर गॅरेज बंद करून ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होईल. मागं जे उरतील ते माझ्या संशयाला शोभतील असेच असतील. म्हणजे माझा संशय खरा ठरेल. पण तो खरा करण्यात माझाही हातभार असेल.

आणि दुसऱ्या कोटेशनात आणखी एक भानगड आहे. भाजीबाजारात चार ठिकाणी भाव काढण्यात गैर काही नाही. वांगं तिलाही दिसतं, मलाही दिसतं. पण आमचे मिस्त्री अर्धा तास चिखलात उताणे पडून दुखणं शोधून आले, त्याचा त्यांनी एक पैसा घेतला नाही. ते शोधलेलं दुखणं खिशात घालून मी दुसरीकडं गेलो आणि म्हणालो, "एक्सलला किती घ्याल?" डॉक्टर नाडी पाहायचे पैसे आधी घेतो. वकील बसल्याबरोबर घेतो. फक्त ज्याचे हात काळे आहेत त्याचं निदान आपण फुकट धरतो, आणि मजुरीच्या १,२००वर मात्र घासाघीस करतो. डॉक्टरच्या बिलावर "किरकोळ १५०" असतं तर आपण विचारलं असतं का? तिथं आपण म्हणतो, औषधाचं असेल.

कायदा तरी या दोघांत फरक करत नाही, उलट त्यांना शेजारी बसवतो. १८७२च्या कराराच्या कायद्यात कलम १७० असं, की तुमच्या वस्तूवर ज्यानं मेहनत घेऊन काम केलं, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवायचा हक्क आहे. म्हणजे आमचे मिस्त्री. लगेच पुढचं कलम १७१. त्यात येणे रकमेसाठी ग्राहकाचा माल अडवून ठेवायचा हक्क ज्यांना दिला, त्यांत पहिलं नाव बँकर लोकांचं. म्हणजे आम्ही. परीक्षेसाठी ही दोन कलमं मी घोकली होती, पण ती शेजारी का आहेत याचा विचार केला नव्हता. मिस्त्री आणि मी, दोघंही काउंटरच्या एकाच बाजूचे. आमच्याकडं येणाऱ्याला आमच्या धंद्यातलं समजत नाही, आणि त्याची वस्तू आमच्या ताब्यात असते.

याचा पडताळा दोन दिवसांत आला. मार्चचा महिना होता. मार्चमध्ये बँकेत माणसं नसतात, उद्दिष्टं असतात. त्यांतलं एक विमा पॉलिसीचं. साठी उलटलेल्या एक बाई ठेवीची पावती घेऊन आल्या. मुदत भरली होती. पदराच्या गाठीतून चष्मा काढला, पण लावला नाही. म्हणाल्या, "भाऊ, मला काय कळतंय? तुमी सांगशिला तिथं सही करते."

माझ्या उजव्या हाताला ठेवीचा फॉर्म होता आणि डाव्या हाताला पॉलिसीचा. दोन्हीवर सहीच्या जागी फुल्या आधीच मारलेल्या. पॉलिसी चोरीची नव्हती. तिशीतल्या कमावत्या माणसाला ती कदाचित चांगलीही असेल. पण दरवर्षी हप्ता भरायचा, पैसे कित्येक वर्षं अडकून पडायचे, आणि या बाईंना तर नातवाच्या कॉलेजची फी जूनमध्ये भरायची होती. हे त्यांनी मला विचारल्यावर सांगितलं. न विचारता सांगितलं नसतं. त्यांच्याकडं दुसरं कोटेशन नव्हतं. तीन शाखा फिरून तुलनात्मक तक्ता करायची त्यांची सोय नव्हती. त्यांच्या बाजूनं तपासायला तिथं एकच माणूस हजर होता, आणि तो मी होतो. मी उजवीकडचा फॉर्म पुढं सरकवला. यात मोठं काही केलं नाही. बँकेत क्लार्क ठेवतात ते एवढ्याचसाठी. मॅनेजरसाहेबांनी काचेतून पाहिलं आणि संध्याकाळी उद्दिष्टाच्या तक्त्यावर माझ्या नावापुढची पाटी कोरी पाहून ते जे हसले, ते कोणत्याही वाङ्मयप्रकारात बसत नाही.

पण त्या बाईंनी मला एक गोष्ट शिकवली. प्रामाणिकपणा तपासता येत नाही अशा जागीच तो लागतो. जिथं तपासता येतो तिथं त्याची गरज काय? तिथं तराजू असतो, पावती असते, सीसीटीव्ही असतो. न समजणाऱ्यापुढं समजणारा कसा वागतो, यावर सगळं आहे. आणि आपल्यातला प्रत्येक जण सकाळी समजणारा असतो आणि संध्याकाळी गॅरेजात जाऊन न समजणारा होतो.

मी मिस्त्रींकडं पुन्हा गेलो. तिन्ही कागद त्यांच्यापुढं ठेवले. लपवण्यात अर्थ नव्हता. कोडोलीत मी दुसऱ्या गॅरेजात गेल्याची बातमी माझ्याआधीच पोचली होती. त्यांनी रागावल्याचं दाखवलं नाही. तरुण पोराचा कागद वाचून म्हणाले, "बरोबर लिवलंय त्यानं. जॉइंट बदललं तर आवाज जाईल. पर दांड्याच्या आतल्या बाजूला बी झोल हाय. त्यो वरीसभरानं बोलंल." काचेच्या दाराचा कागद वाचून म्हणाले, "ह्येबी बरोबर हाय. त्यास्नी भाडं किती आसंल वो?"

तेव्हा मी त्यांना तो प्रश्न विचारला, जो जगातले सगळे अडाणी ग्राहक शेवटी विचारतात. "मिस्त्री, तुमची गाडी असती तर काय केलं असतं?"

माझी अपेक्षा होती ते म्हणतील, "मी बी दोन्ही एक्सल टाकले असते." असंच म्हणायची पद्धत आहे. ते जरा वेळ गाडीकडं बघत राहिले.

"माझी असती तर जॉइंटबी बदललं नसतं," ते म्हणाले. "तशीच हाणली असती. तुटला तर तुटला, रस्त्यात बसून बदलला असता. पर माझ्या गाडीत मी बसतो, साहेब. तुमच्यात वैनी अन् तुमची आई बसत्यात. माझ्या जिवाला मी काय बी चालवून घेईन. दुसऱ्याच्या जिवाला कसं सांगू?"

नीतिशास्त्रावरची पुस्तकं मी फारशी वाचलेली नाहीत. पण आपल्या जिवावर सूट घ्यावी आणि दुसऱ्याच्या जिवावर देऊ नये, हा नियम इतका स्वच्छ मांडलेला मी दुसरीकडं ऐकला नव्हता. धूर्त माणूसही हे वाक्य तसंच म्हणू शकतो, हे मला कळत होतं. हेडकॅशियर पुढं तेच म्हणाले. त्यांना उत्तर माझ्यापाशी नाही. पण धूर्त माणूस स्वतःच्या गाडीबद्दल खोटं बोलला असता, असं मला वाटतं. आणि समजा मी फसलोच, तर किती? पाच हजार चारशे पन्नास. एवढ्या रकमेत, माणसाच्या तोंडाकडं बघून विश्वास ठेवण्याचा माझा हक्क मला विकायचा नव्हता. आपल्या भाषेनं आस हा एकच शब्द चाकाच्या दांड्यालाही ठेवलाय आणि मनातल्या आशेलाही. दोन्हीला वंगण लागतं आणि दोन्ही एकदम तुटत नाहीत, आधी आवाज करतात.

"टाका," मी म्हटलं. "आणि ते वरचे पन्नास कशाचे कमी केले ते तेवढं सांगा."

"दहा हजार म्हटल्यावर तुमी घाबरला असता," मिस्त्री म्हणाले.

काम दोन दिवसांत झालं. मी पैसे मोजून दिले. किरकोळमधल्या दीडशेवर बोललो नाही. आता गाडी वळते ती मांजरीच्या पावलानं वळते. आई परवा जोतिबाला जाताना म्हणाली, "आवाज गेला वाटतं? मला आपलं त्याच्यामुळं वळण आल्याचं कळायचं." तिला अलीकडं नीट दिसत नाही.

गाडी ताब्यात देताना मिस्त्रींनी डिकी उघडून दाखवली. एका पोत्यावर काढलेले दोन्ही जुने एक्सल ठेवलेले होते. काढलेला माल गिऱ्हाइकाला दाखवायचा ही चांगल्या गॅरेजची रीत आहे, पुरावा म्हणून. "बघून घ्या साहेब," ते म्हणाले. मी खाली वाकलो. एक उचलला, फिरवून पाहिला, गोळ्यांच्या जागी बोट घातलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. झिजलेला आस आणि न झिजलेला आस यांत काय फरक असतो, ते मला तेव्हाही समजलं नाही. मी गंभीरपणे मान हलवली. मिस्त्रींनीही गंभीरपणे मान हलवली, आणि डिकी लावली.